सांभाळणाऱ्याची सही चालते

एक गोष्ट आधी ठासून सांगते, कारण ती आम्हाला माहीत नाही याचाच हॉस्पिटलवाल्यांनी फायदा घेतला. अठरा वर्षांखालच्या मुलीच्या गर्भपाताला पालकाची लेखी संमती लागते, हे खरं. पण १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यात पालक म्हणजे त्या मुलीचा सांभाळ करणारी व्यक्ती. बापच हवा, असं त्यात कुठेही नाही.

भाची तिची आई गेल्यापासून माझ्याकडे आहे. शाळेच्या कागदांवर, रेशनकार्डावर, सगळीकडे माझंच घर. सोनोग्राफीत अकरा आठवडे निघाले. डॉक्टरीणबाई आधी म्हणाल्या, "होऊन जाईल." मग फाइलवरचं वय बघितलं आणि त्यांनी मान वरच केली नाही. पुढचं सगळं काउंटरवरचा माणूस बोलला, रांगेतल्या बायकांसमोर, मोठ्या आवाजात: "मावशीची सही चालत नाही. बापाला आणा, नाहीतर कोर्टाची ऑर्डर. आणि आधी एफआयआरची कॉपी." पोरगी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती, इतकं घट्ट की बोट पांढरं पडलं.

ज्या माणसाने इतकी वर्षं लेकीची विचारपूस केली नाही, त्याच्या विनवण्या मला कराव्या लागल्या. "यात मला ओढू नका," म्हणून त्याने फोन ठेवला. इकडे दिवस वर जात होते.

शेवटी शाळेतल्या बाईंनी एका वकील ताईंशी गाठ घालून दिली. त्यांनी कायद्याचं पातळ पुस्तक काढून कलम २ वर बोट ठेवलं आणि मलाच वाचायला लावलं. जेमतेम एक ओळ. वाचून रडू नाही आलं, संताप आला. रोज हेच काम करणाऱ्यांना ही ओळ माहीत नसेल, हे मला आजही पटत नाही.

कोर्टाचंही तसंच. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. २०२१ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलींसाठी दोन डॉक्टरांच्या मताने चोवीस आठवड्यांपर्यंत करता येतं. आम्हाला कोर्टाशी काही घेणंदेणंच नव्हतं.

पोलिसांना कळवणं मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे डॉक्टरांना भाग आहे, ते मी नाकारत नाही. पण २९ सप्टेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय की मुलीने आणि पालकाने विनंती केली, तर कळवताना डॉक्टरने तिचं नाव, ओळख देण्याची गरज नाही. ही विनंती लेखी द्या. एफआयआर झाल्याशिवाय गर्भपात करायचा नाही, अशी अट कायद्यात नाही. उलट बाईचं नाव फोडलं तर एक वर्षापर्यंत कैद आहे. काउंटरवर ओरडणाऱ्याला हे कुणी सांगायचं?

काम जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात झालं. संमतीच्या फॉर्म सी वर माझी सही घेतली, बापाचं नावही कुणी काढलं नाही. म्हणून सांगते, थेट तिथेच जा. कुणी नाही म्हटलं, तर कारण कागदावर मागा. मी त्या आधीच्या खासगी हॉस्पिटलात मागितलं तेव्हा त्यांचे आवाज एकदम खाली आले. केसपेपर, सोनोग्राफीचा रिपोर्ट स्वतःजवळ ठेवा. मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणून देऊ नका, कुणी कितीही सुचवलं तरी. अडलात तर मुलांच्या हेल्पलाइनला, १०९८ ला फोन करा. धीर सोडू नका, नातेवाइकांचे सल्ले ऐकत बसू नका. आणि पोरीला विचारा. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की पालकाचं आणि मुलीचं मत वेगळं पडलं, तर मुलीचं मत विचारात घेतलंच पाहिजे. आमच्याकडे त्या सरकारी डॉक्टरांनी मला बाहेर बसवून तिला एकटीला विचारलं. त्या खासगी हॉस्पिटलात तिच्याशी एक शब्द कुणी बोललं नव्हतं.

त्यांच्याविरुद्ध मी जिल्हा शल्यचिकित्सकांकडे लेखी तक्रार दिली आहे. पोच माझ्याकडे आहे, उत्तर अजून आलेलं नाही.