पंचा

दिवाळीच्या सुमारास यवतमाळ जिल्ह्यातील काळ्या रानात कापसाची बोंडे फुटू लागतात. भल्या सकाळी बायका ओटी बांधून वेचणीला निघतात आणि पाहता पाहता पांढरे ढीग उभे राहतात. इंग्रजी अमदानीत या कापसाच्या गाठी मूर्तिजापूरकडे जाणाऱ्या अरुंद रुळांवरून दूरदूरच्या गिरण्यांकडे रवाना होत. ज्याने कापूस पिकवला, त्याच्या अंगावर मात्र पुष्कळदा एक आखूड, जाडेभरडे धोतर तेवढे असे. असल्याच एका वस्त्राची ही हकीकत आहे.

मुलांनो, वस्त्र काही केवळ थंडीवाऱ्यासाठी नसते. घरात मृत्यू झाला म्हणजे क्रिया करणारा पुरुष अंगातला सदरा उतरवतो व साध्या धोतरावर राहतो. पश्चिम आशियातील प्राचीन लोकांत शोकाच्या वेळी शेळीच्या केसांचे खरखरीत वस्त्र नेसण्याची चाल होती. बायबलातील एका कथेत निनवे नगरीचा राजा प्रजेचे पाप ध्यानी येताच सिंहासनावरून उतरतो, राजवस्त्रे टाकून असले गोणपाट नेसतो आणि राखेत बसतो. गुराढोरांनाही तेच नेसवावे, अशी तो आज्ञा देतो! गुरांचा काय अपराध, असे तुमच्या मनात येईल. परंतु पश्चात्ताप साऱ्या नगरीचा आहे, त्यातून कोणीही सुटलेले नाही, हेच त्याला दाखवायचे असावे.

आपल्या देशात असा शोक १९२१ साली महात्मा गांधींनी धारण केला. एका वर्षात स्वराज्य मिळवू, असे त्यांनी लोकांना सांगितले होते. परदेशी कापडावरील बहिष्कार जोरात होता. ३१ जुलै रोजी मुंबईत परळ येथे विलायती कपड्यांची मोठी होळी झाली. पण हे कपडे टाकून गरिबाने नेसावे काय? खादी महाग होती आणि पुरेशी मिळतही नव्हती. मद्रास इलाख्यातील प्रवासात लोकांनी हेच गांधीजींना तोंडावर सांगितले. त्यांच्या स्वतःच्या अंगावर तेव्हा टोपी, सदरा आणि पूर्ण लांबीचे धोतर होते. थोडक्या कापडात भागवा, असे इतरांना सांगायचे तर ते कोणत्या तोंडाने?

२२ सप्टेंबर १९२१ रोजी मदुरा येथे त्यांनी टोपी व सदरा उतरवला. गुडघ्यापर्यंतचा खादीचा पंचा तेवढा ठेवला. गरज भासल्यास वर एक चादर. उघडे डोके व उघडे अंग ही आपल्या प्रांतात सुतकाची खूण आहे. वर्ष संपत आले, स्वराज्य मात्र आले नाही, म्हणून हा शोक, अशा आशयाचे निवेदन त्यांनी प्रसिद्ध केले. त्यासाठी मुदत घातली होती निदान ३१ ऑक्टोबरपर्यंतची.

मुदत सरली, पंचा सुटला नाही. १९३१ च्या नोव्हेंबरात, लंडनच्या थंडीत, बादशहाच्या राजवाड्यातही ते पंचा नेसून व शाल पांघरूनच गेले. १९३६ पासून ते यवतमाळच्या सीमेवरून वाहणाऱ्या वर्धा नदीच्या पलीकडे, सेवाग्रामला राहू लागले. आपल्याकडील एखाद्या शेतमजुराच्या वेषाहून त्यांचा वेष तेथे फारसा निराळा दिसत नसेल.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी स्वराज्य आले. सुतक फिटावे असाच तो दिवस! देशभर दिव्यांची आरास झाली. गांधीजी त्या दिवशी दंगलींनी होरपळलेल्या कलकत्त्यात होते. तो दिवस त्यांनी उपवास करून आणि सूत कातून घालवला. सदरा त्यांनी तेव्हाही अंगात घातला नाही.