एका वाफ्यापासून सुरुवात करा
प्रश्न : घरामागची परसबाग गाजरगवताने भरली आहे. नोकरीमुळे वेळ मिळत नाही. सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, चकलांबा (ता. गेवराई, जि. बीड)

उत्तर : सगळी बाग एकदम हाती घेऊ नका. जमीन ओली असताना, फुलं येण्याआधी, हातमोजे घालून गाजरगवत मुळासकट उपटा. एकेका झाडाला हजारो बिया धरतात. मग स्वयंपाकघराजवळचा एकच वाफा निवडा. शेणखत मिसळून कढीपत्ता, मोगरा लावा. बुडाशी उसाच्या पाचटाचा चार बोटं थर द्या. आपल्याकडे पाण्याची ओढ. आच्छादनाने ओल टिकते, तणही दबतं. भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी तिथेच घाला. सकाळी पंधरा मिनिटं काम पुरे. संध्याकाळी मात्र खुरपं बाजूला ठेवून मोगऱ्याजवळ निवांत बसा. दुसरा वाफा पुढच्या पावसाळ्यात करा.