आधी तिला कंटाळा येऊ द्या

सारंगखेड्याच्या बाजारात घोडं घ्यायला गेलेला माणूस तासभर अंगावरचे केसांचे भोवरे बघतो. गळ्याखाली देवमण आहे का, कुठं खोड तर नाही ना, रेवाल चाल कशी पडते, कानांची टोकं एकमेकांना भिडतात का, सगळं तपासून होतं. पण हे जनावर काल संध्याकाळी काय खाऊन उभं राहिलं, पाणी कुठलं प्यायलं, हे विचारणारा विरळाच. तापीकाठच्या या दत्तजयंतीच्या बाजारातून आमच्याकडे निफाडला आलेली घोडी दोन वर्षांची होती. रंगानं कुमैत, अंगानं सडपातळ आणि कमालीची बुजरी. धुळे-मालेगाव करत रात्रभर पिकअपमध्ये उभी राहून आली. उतरली तेव्हा मान घामानं भिजलेली, डोळ्यांचा पांढरा भाग दिसत होता आणि दोन्ही कान दोन दिशांना फिरत होते.

नव्या नवरीला बघायला जमावं तसं गाव जमलं. औक्षण झालं, नारळ फुटला, कुणीतरी हलगीही आणली होती. पोरांनी मोबाइल तोंडासमोर धरले. घोड्याला नाकासमोरचं अगदी जवळचं आणि थेट पाठीमागचं दिसत नाही. समोरून फ्लॅश आणि मागून हलगी, अशा पेचात सापडलेल्या घोडीनं जे करायचं तेच केलं. मागे जोर लावला, मोरखी तुटली आणि ती बागेकडे उधळली. द्राक्षबागेच्या तारा म्हणजे घोड्याच्या पायांना सुरीच. पहिल्याच सरीला अडवता आली, गुडघ्यावर थोडं खरचटण्यावर निभावलं.

घोड्यांची निगा राखायला आमच्याकडे येणारे म्हातारे मोतद्दार चाचा तेव्हा एवढंच म्हणाले, "दादा, तिला आधी तुमचा कंटाळा येऊ द्या. मग जीव लावा." घोडं रुळवणं म्हणजे काय, हे मला या वाक्याइतकं नेमकं कुणी सांगितलेलं नाही. आपण त्याला प्रेमानं जिंकायला जातो; गूळ, गाजरं, कुरवाळणं सुरू होतं. भित्र्या जनावराला यातलं काही नको असतं. आज जे घडलं तेच उद्या, त्याच वेळी, त्याच माणसाच्या हातून घडावं, एवढीच त्याची मागणी असते.

खरा घोर पोटाचा. निफाडचा पारा त्या दिवसांत पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो. घोडी गार पाण्याला नुसतं नाक लावायची आणि मान फिरवायची. प्रौढ घोड्याला दिवसाला साधारण २० ते ३० लिटर पाणी लागतं. हिची बादली भरलेलीच राहायची. त्यात "बाजारातलं घोडं हरभऱ्यावर असतं" असं सांगून एका पाहुण्यानं प्रेमानं पाटीभर हरभरा पुढ्यात ठेवला. मध्यरात्री ती पुढच्या टापेनं जमीन उकरू लागली. मान वळवून कुशीकडे बघायची, बसायची, लगेच उठायची. लीद संध्याकाळपासून नव्हती. हा पोटशूळ. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे जठर तुंबलं की त्याला दुसरी वाट नसते. डॉक्टर पहाटे पोहोचले, नाकातून नळी घालून पोट मोकळं केलं, पॅराफिन सोडलं. सकाळी मूठभर लीद पडली तेव्हा घरात पेढे वाटायचे बाकी होते.

अशा वेळी बाटलीनं तेल पाजू नका, ते फुप्फुसात जाऊ शकतं. घरात असलेलं वेदनेचं इंजेक्शनही परस्पर देऊ नका. दुखणं झाकलं जातं आणि डॉक्टरांना अंदाज येत नाही. जबड्याखाली बोट ठेवून नाडी मोजा. शांत उभ्या घोड्याची मिनिटाला साधारण ३० ते ४५ असते. ६० ओलांडली की वाट बघण्यात अर्थ नाही.

चारा बदलायचा तर आठ-दहा दिवसांत, जुन्यात नवा थोडा थोडा मिसळत. पाणी कोमट करून द्या. आमच्या भागात गाईंसाठी मक्याचा मुरघास असतो. तो घोड्याला नको, खराब मुरघासातून होणारी विषबाधा घोड्याला फार लवकर मारते. गाईचं किंवा कोंबड्यांचं तयार खाद्यही नको. त्यात मोनेन्सिन असू शकतं, आणि गाईला पचणारं ते औषध घोड्याला विष आहे. छाटणीचा द्राक्षपाला फवारलेला असतो, तोही लांब ठेवा.

जुनी घोडी असेल तर नवी तिच्या नजरेसमोर बांधा, पण नाकाला नाक लागू देऊ नका. बादली, खरारा, तोबरा वेगळा. दोन-तीन आठवडे रोज ताप मोजा. ग्लँडर्सची आणि सर्राची रक्ततपासणी मात्र खरेदीआधीच करून घ्यावी. ग्लँडर्स माणसालाही होतो आणि त्यावर घोड्याला उपचार नाही, कायद्यानं मारावंच लागतं. दोर कड्याला थेट न बांधता मध्ये सुतळीचा वेढा ठेवा, म्हणजे घोडं बिथरलं तर सुतळी तुटेल, मान नाही.

बुजणं एका दिवसात जात नाही. बागेत पहाटे फवारणीचा ब्लोअर सुरू झाला की घोडी थरथरायची. चाचा तिच्याशी काही बोलायचे नाहीत, लांब उभे राहून विडी ओढायचे. ती कडबा चघळू लागली की मग जवळ जाऊन, आयाळ संपते तिथल्या उंचवट्यावर बोटांनी खाजवायचे. घोडे एकमेकांना तिथंच दातांनी खाजवतात. थापट्यांपेक्षा हे त्यांना मानवतं. पुढे एका पहाटे ब्लोअर घरघरत होता आणि ही एक मागचा पाय सैल सोडून, खालचा ओठ लोंबता ठेवून पेंगत होती. त्याच आठवड्यात पागेत आडवी होऊन झोपलेली दिसली. घोडं उभ्या उभ्या डुलकी काढतं, पण गाढ झोपेला आडवं व्हावं लागतं, आणि भरवसा नसलेल्या जागी ते आडवं होत नाही. खोगिराचं नाव त्यानंतर काढायचं, तेही वय बघून. दोन वर्षांच्या पाठीवर मोठ्या माणसानं बसूच नये, मग विकणारा काहीही सांगो.

यंदा दत्तजयंतीला सारंगखेड्याला जाणार असाल, तर सौदा झाल्यावर विकणाऱ्याकडून त्याच्याच चाऱ्याच्या दोन गोणी मागून घ्या. पैसे पडले तरी घ्या. आणि निघण्याआधी घोड्याला नाकातून नळी घालता येणारा डॉक्टर आपल्या तालुक्यात कोण आहे, हे शोधून त्याचा नंबर फोनमध्ये ठेवा. गाईम्हशी बघणाऱ्या प्रत्येकाकडे ती नळी नसते.