कोळसा खाणीमुळे होणारे छोटे भूकंप कसे टिपतात?

कोळशाचा थर काढला की वरच्या खडकाचा भार शेजारच्या थरांवर पडतो. तो पेलवेनासा झाला की खडक तडकतो आणि जमीन हलते. जर्मनीतील हाम शहरात २००६-०७ मध्ये बोखुमच्या रुर विद्यापीठाने लाँगवॉल पद्धतीच्या (कोळशाची लांब भिंत कापत पुढे सरकणाऱ्या) खाणीच्या वर १५ भूकंपमापक बसवले. वर्षभरात ७,००० हून अधिक धक्के नोंदले गेले. सर्वांत मोठा रिश्टर प्रमाणावर जेमतेम २. धक्क्यातून निघालेली प्राथमिक लहर मापकापर्यंत आधी पोहोचते, दुय्यम मागून. दोहोंमधल्या वेळेवरून धक्क्याचे अंतर कळते, आणि अनेक मापकांच्या नोंदी जुळवून जागा ठरते. खरी कसोटी खोलीची. त्यासाठी एखादा तरी मापक धक्क्याच्या वर किंवा अगदी जवळ हवा, म्हणून केवळ दूरच्या राष्ट्रीय केंद्रांवर विसंबून भागत नाही. हाममध्ये कोळसा कापण्याची आघाडी सरकली तसे बहुतेक धक्केही तिच्यासोबत सरकले.