दुरावलेला स्वरकार

मराठीत 'मंडळी' हा शब्द मोठा जिव्हाळ्याचा आहे. घरच्या माणसांना आपण मंडळी म्हणतो आणि एकत्र येऊन नाटक करणाऱ्या कलावंतांच्या संघालाही मंडळीच म्हणत आलो. घरात जसा वाटणीचा प्रसंग येतो, तसा तो अशा संघातही येतो. परंतु ज्याने संघाला त्याचे सूर दिले, तोच बाहेर पडला म्हणजे काय होते? संघ टिकतो काय? सूर कोणाचे राहतात? आणि मागे उरलेल्यांचे त्या माणसाशी काय नाते असावे? या तीन प्रश्नांचा विचार आम्ही येथे दोन उदाहरणांच्या आधारे करणार आहोत. एक आपल्या संगीत रंगभूमीचे आहे, दुसरे इंग्लंडमधील.

अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 साली पुण्यात 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले. किर्लोस्कर मंडळीचे ते संस्थापक, नाटककार आणि पदकार, असे सर्व काही होते. 1885 साली त्यांचे निधन झाले, तरी मंडळी चालत राहिली. हा वियोग मृत्यूने घडविलेला होता; त्याचा दोष कोणाकडेच नव्हता. माणसामाणसांतील वियोगाची गोष्ट निराळी असते.

याच मंडळीने 1911 साली कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे 'मानापमान' रंगभूमीवर आणले. त्याच्या पदांना चाली देण्याचे काम गोविंदराव टेंबे यांच्याकडे आले. टेंबे हे कोल्हापूरकडचे, हार्मोनियमवर असामान्य प्रभुत्व असलेले रसिक गृहस्थ. उत्तर हिंदुस्थानातील ठुमरी, कजरी यांचे ढंग त्यांनी मराठी पदांत आणले आणि नाट्यसंगीताला नवे वळण दिले. पुढे 1913 साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि टेंबे या तिघांनी किर्लोस्कर मंडळी सोडून 'गंधर्व नाटक मंडळी' काढली. एकाचा गळा, दुसऱ्याचा अभिनय आणि तिसऱ्याची स्वररचना, असा तो त्रिवेणी संगम होता.

पण ही भागीदारी टिकली नाही. थोड्याच वर्षांत टेंबे मंडळीतून बाहेर पडले. आता मंडळीचे संगीत थांबणार की काय, अशी शंका कोणालाही यावी. तसे झाले नाही. 1916 साली 'स्वयंवर' आले. त्याच्या चाली भास्करबुवा बखले यांनी दिल्या आणि त्या घरोघरी पोहोचल्या. टेंबे भास्करबुवांना गुरुस्थानी मानीत, हे येथे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. पुढे बोडसही निघाले. सारा भार एकट्या बालगंधर्वांवर पडला आणि त्यांच्या सढळ हातामुळे मंडळीवरील कर्ज वाढत गेले. संस्था टिकली खरी, पण सल्ला देणारे भागीदार गमावल्याची किंमत तिने मोजली.

टेंबे यांचेही कार्य संपले नाही. त्यांनी 'शिवराज नाटक मंडळी' काढली, पुढे 1932 सालच्या प्रभातच्या 'अयोध्येचा राजा' या बोलपटात हरिश्चंद्राची भूमिका केली व त्याला संगीतही दिले. फुटीतून नवे अंकुर फुटण्याचे हे एकच उदाहरण नव्हे. आमची मातृभाषा कोंकणी. म्हणून मंगेशीच्या दीनानाथ मंगेशकरांचे स्मरण आम्हांस सहजच होते. त्यांनीही 1918 साली किर्लोस्कर मंडळी सोडली आणि सहकाऱ्यांसह 'बलवंत संगीत मंडळी' उभी केली.

सूर कोणाचे, या प्रश्नाचे उत्तर 8 जुलै 1921 रोजी मुंबईत मिळाले. टिळक स्वराज्य फंडाच्या साहाय्यार्थ गंधर्व मंडळी आणि केशवराव भोसले यांची 'ललितकलादर्श' या दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांनी मिळून 'संयुक्त मानापमान' केले. केशवराव धैर्यधर झाले आणि बालगंधर्व भामिनी झाले. त्या रात्री लोकांनी डोक्यावर घेतलेल्या चाली टेंबे यांच्या होत्या आणि टेंबे तर या दोहोंपैकी एकाही मंडळीचे भागीदार नव्हते. चाल एकदा लोकांच्या कानी पडली की ती भागीदारीच्या कागदात मावत नाही.

आता दुसरे उदाहरण पाहू. विजेवर वाजणारी गिटार व ढोल यांच्या साथीने गाइल्या जाणाऱ्या पाश्चात्त्य संगीताला 'रॉक' म्हणतात. 1965 साली लंडनमध्ये 'पिंक फ्लॉइड' नावाचा असा एक वाद्यवृंद उभा राहिला. त्याचे नाव सुचविणारा, गाणारा आणि बहुतेक गीते रचणारा तरुण म्हणजे केंब्रिजचा सिड बॅरेट. 1967 साली त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली, तेव्हा तो अवघा एकवीस वर्षांचा होता. परंतु त्याच वर्षी त्याच्या मनाचा तोल ढळू लागला. त्यात मादक द्रव्यांच्या सेवनाची भर पडली. मंचावर तो कधी नुसता उभा राही, कधी एकच सूर छेडीत बसे. सोबत्यांनी डेव्हिड गिलमोर या मित्राला साथीला घेतले. बॅरेटने घरी राहून गीते रचावीत, असाही तोडगा त्यांनी काढून पाहिला. अखेर 1968 च्या जानेवारीत एके दिवशी कार्यक्रमाला जाताना, त्याला वाटेत घेण्यास जावे की नाही, असा प्रश्न निघाला आणि ते गेलेच नाहीत. एप्रिलमध्ये तो वृंदात नसल्याचे जाहीर झाले.

हा निर्णय अपरिहार्य असेल. पण त्याची रीत मनाला टोचते. ज्याने वृंदाला नाव दिले, त्याला निरोपाचा एक शब्दही मिळू नये? मात्र त्याच सोबत्यांची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. 1970 साली बॅरेटच्या स्वतंत्र ध्वनिमुद्रिका निघाल्या, त्यांना गिलमोर व इतरांनी हात दिला. त्याच्या गीतांचे मानधन त्याला मिळत राहावे, याचीही काळजी गिलमोर यांनी वाहिली. 1975 साली त्याच्याच आठवणीत रचलेल्या एका दीर्घ गीताचे काम चालू असता तो अचानक तेथे आला. त्याचे रूप इतके पालटले होते की सोबत्यांना आधी ओळख पटली नाही. पटल्यावर डोळे भरून आले. पुढे बॅरेट केंब्रिजला चित्रकला व बागकाम करीत एकांतात राहिला आणि 2006 साली निवर्तला.

या दोन वियोगांत मोठे अंतर आहे. टेंबे धडधाकट होते. स्वतःचा मार्ग शोधू शकले. बॅरेट आजारी होता. त्याला मार्गही दुसऱ्याने दाखवावा लागला असता. म्हणून दुसऱ्या प्रसंगी सोबत्यांचे कर्तव्य अधिक जड होते. आजारी माणसाच्या हाती संस्थेचे सुकाणू ठेवता येत नाही, हे खरे; पण सुकाणू काढून घेणे आणि माणूस टाकून देणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

आपल्या बऱ्हाणपुरात कुंडी भंडारा आहे. खानखाना अब्दुल रहीम यांच्या काळात, 1615 च्या सुमारास, सातपुड्यातील पाणी भूमिगत मार्गाने शहराकडे आणण्याची ही योजना झाली. बांधणारे केव्हाच गेले. पण त्यांचे नाव घेतल्यावाचून त्या पाण्याची कथा पुरी होत नाही. कलेच्या संस्थेचेही तसेच असते.

विद्यार्थिमित्रांनो, स्नेहसंमेलनाचा वाद्यवृंद असो की गणेशोत्सवाचा मेळा, तुमच्यातही असे प्रसंग येतात. आरंभी ज्याने तुम्हांस एकत्र आणले, तोच कधी चिडतो, खचतो, तालमीला येईनासा होतो. त्याच्यावाचून कार्यक्रम करावा लागला तर अवश्य करा. पण आधी त्याच्या घरी जा, काय बिघडले ते विचारा, आणि वेगळे व्हायचेच असेल तर ते समोर बसून सांगा. त्याने बसविलेले गीत गाताना त्याचे नाव घ्या. आणि तो दुःखात असेल, तर घरच्या वडीलधाऱ्यांना किंवा आम्हां शिक्षकांना अवश्य कळवा. ती चहाडी नव्हे, ते मैत्रीचे कर्तव्य होय.