चायनीजच्या गाडीवर

(संध्याकाळी आपल्या शहरात जागोजागी चायनीजच्या गाड्या लागतात. तेथील नूडल्स सर्वांच्या आवडीचे आहेत. हे नूडल्स कोठून आले, ते आपले कसे झाले आणि ते खाताना आपण काय पाहावे, हे लेखकाने या पाठात सांगितले आहे.)



संध्याकाळचे सात वाजले, की मीरा रोड स्टेशनच्या पूर्वेला लोकलमधून उतरणाऱ्या माणसांची गर्दी होते. स्टेशनबाहेर पडून नयानगरच्या दिशेने चालू लागलात, की लसणीच्या फोडणीचा खमंग वास येतो. कढईवर पळी आपटल्याचा खणखणाट ऐकू येतो. लाल रंगाची पाटी आणि तिच्यावर काढलेला ड्रॅगन दिसतो. ही झाली चायनीजची गाडी. तुमच्यापैकी बहुतेकांनी तिच्यासमोर उभे राहून हाका नूडल्स किंवा चायनीज भेळ खाल्ली असेल. मीही खातो.

गाडीवरच्या कारागिराचे काम कधी नीट पाहिले आहे का? दुपारीच तो नूडल्स उकडून, त्यांना थोडे तेल लावून परातीत पसरून ठेवतो. कोबी, गाजर, सिमला मिरची बारीक चिरून ठेवतो. गिऱ्हाईक आले, की भट्टी मोठी करतो. लांब दांड्याच्या कढईत तेल, मग लसूण व आले, मग भाज्या आणि शेवटी नूडल्स. त्यावर मीठ, मिरपूड, सोया सॉस, थोडे व्हिनेगर. कढई दोनचार वेळा उडवली आणि वर कांद्याची पात टाकली, की प्लेट तयार! भाजी शिजते, पण तिचा कुरकुरीतपणा जात नाही. ही सारी करामत मोठ्या आचेची आणि चपळ हाताची आहे.

नूडल्स हा पदार्थ फार जुना आहे. चीनमध्ये पीत नदीच्या काठी लाजिया नावाचे ठिकाण आहे. तेथे उत्खनन करताना एक उपडे झालेले मातीचे भांडे सापडले. त्याच्याखाली बारीक, लांब, पिवळसर नूडल्स होते. ते सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचे असावेत, असे संशोधकांनी २००५ साली प्रसिद्ध केले.

पण नूडल्स म्हणजे केवळ चीनचीच वस्तू, असे समजू नका. अल्-इद्रिसी या प्रसिद्ध भूगोलकाराने ११५४ साली पूर्ण केलेल्या ग्रंथात सिसिली बेटावरील एका गावाचे वर्णन आहे. त्या गावात पिठाचे वाळवलेले धागे तयार होत आणि जहाजांत भरून दूरदूरच्या देशांत जात. इराणमध्ये आजही नूडल्स घातलेले घट्ट सार आवडीने खातात. त्याला ‘आश-ए-रिश्ता’ म्हणतात. ‘रिश्ता’ हा शब्द तुम्ही रोज वापरता. फारसीत त्याचा मूळ अर्थ धागा असा आहे. धागा दोन टोकांना जोडतो, म्हणून नात्यालाही रिश्ता म्हणतात.

हा रिश्ता तुमच्या घरापर्यंत येतो. ईदच्या दिवशी तुमच्या घरी शीर खुर्मा होतो. शीर म्हणजे दूध आणि खुर्मा म्हणजे खजूर. पण शेवया नसतील, तर तो शीर खुर्मा कसला? महाराष्ट्रातील खेड्यांत उन्हाळा आला, की बायका अंगणात वाळवणे घालतात. पापड, कुरडया यांच्याबरोबर शेवयाही करतात. सणावारी त्या शेवयांची खीर होते. चीनचे नूडल्स, इराणचा रिश्ता, ईदच्या शेवया आणि गावाकडची खीर, ही सारी एकाच घरातील भावंडे वाटतात.

आता हे चिनी नूडल्स आपल्या गल्लीत कसे आले, ते पाहू. अठराव्या शतकाच्या अखेरीस तोंग अच्यू नावाचा एक चिनी व्यापारी कोलकात्याजवळ आला. त्याने तेथे साखरेचा कारखाना काढला. त्याच्या नावावरून त्या गावाला अचीपूर म्हणतात. त्यानंतर अनेक चिनी कुटुंबे कोलकात्यात स्थायिक झाली. त्यांत हाका समाजाचे लोक बरेच होते. ‘हाका नूडल्स’ हे नाव त्यांच्यावरूनच पडले. कोलकात्याच्या तांगरा भागात त्यांचे चामडे कमावण्याचे कारखाने होते आणि पुढे तेथेच त्यांची उपाहारगृहेही निघाली. मुंबईतही चिनी वस्ती होती. माझगावातील चिनी मंदिर तिची आठवण आजही देते.

कोलकात्यात जन्मलेले नेल्सन वाँग हे चिनी वंशाचे स्वयंपाकी पुढे मुंबईला आले. १९७५ साली क्रिकेट क्लब ऑफ इंडियामध्ये काम करत असताना एका गिऱ्हाइकाने त्यांच्याकडे काही तरी नवीन मागितले. त्यांनी लसूण, आले, हिरवी मिरची हे आपल्या सवयीचे जिन्नस घेतले. मात्र गरम मसाल्याऐवजी सोया सॉस घातला, कॉर्नफ्लॉवरने रस्सा दाट केला आणि त्यात कोंबडीचे तळलेले तुकडे सोडले. हेच ते चिकन मंचुरियन! मंचुरिया हा चीनच्या ईशान्येकडील प्रदेश आहे. पण तेथे कोणाला हा पदार्थ ठाऊक नव्हता.

‘शेजवान’चेही तसेच आहे. सिचुआन या चिनी प्रांताच्या नावावरून हा शब्द आला. तेथील स्वयंपाकात जीभ किंचित बधिर करणारे, मिरीसारखे एक फळ घालतात. त्याच्याच कुळातील तिरफळ आपल्या कोकणात होते व माशाच्या कालवणात घालतात. आपल्या शेजवान चटणीत मात्र ते फळ सहसा नसते. तिच्यात सुकी लाल मिरची आणि भरपूर लसूण असते. चायनीज भेळ तर सर्वस्वी मुंबईची! तळलेले कुरकुरीत नूडल्स, कोबी, कांदा आणि चटणी एकत्र कालवली, की भेळेला चिनी नाव मिळाले. आपल्या शहरात या पदार्थांनी आणखीही वेश घेतले आहेत. नयानगरात पाटीवर ‘हलाल’ लिहिलेले असते, तर भाईंदरला कांदा-लसूण न घातलेले ‘जैन चायनीज’ मिळते. ज्याच्या दारी गेले, त्याच्या घरचे झाले!

चीनमधील एका गाडीवाल्याची गोष्ट येथे सांगण्यासारखी आहे. लांजो हे चीनच्या वायव्येकडील शहर. तेथे हुई मुसलमानांची मोठी वस्ती आहे. १९१५ च्या सुमारास मा बाओत्झी नावाचा एक गरीब हुई माणूस खांद्यावर कावड घेऊन नूडल्स विकत असे. हाताने ओढून लांबवलेले ते नूडल्स आज सबंध चीनमध्ये प्रसिद्ध आहेत. त्या वाडग्यात पाच गोष्टी हव्यात, असे तेथे मानतात. रस्सा निर्मळ, मुळा पांढरा, मिरचीचे तेल लाल, कोथिंबीर व लसणीची पात हिरवी आणि नूडल्स पिवळे. त्यांतला प्रत्येक रंग जिनसाचा स्वतःचा असतो. डबीतून घातलेला नसतो.

मुलांनो, रंगाची ही गोष्ट मी मुद्दाम सांगितली.

माझ्या नववीच्या वर्गात एक मुलगा होता. एका संध्याकाळी मी एका गाडीसमोर थांबलो, तर तोच तेथे प्लेटा धूत होता. मला पाहताच तो गाडीमागे लपला. वर्गातील काही मुले त्याला ‘चायनीज, चायनीज’ म्हणून चिडवत, हे मला नंतर कळले. वडिलांच्या कामात मदत करणाऱ्या मुलाला तोंड लपवावे लागावे, याचे मला वाईट वाटले. मी नूडल्स मागवले. प्लेट आली. ती इतकी लालभडक होती, की खाल्ल्यावर माझी बोटे रंगली.

मी त्याच्या वडिलांना विचारले, “भाईसाहेब, एवढा रंग कशाला?”

ते म्हणाले, “सर, रंग मी हौसेने घालत नाही. एक दिवस नाही घातला, तर गिऱ्हाईक म्हणते, ‘चाचा, आज माल फिका आहे.’ शेजारच्या गाडीवर लाल दिसते, तिकडे ते जाते.”

मी निरुत्तर झालो. आजवर मीसुद्धा लाल प्लेट पाहूनच गाडी निवडत होतो.

खाण्याच्या रंगांविषयी कायदा स्पष्ट आहे. ठरलेल्या पदार्थांत, ठरलेल्या प्रमाणात, ठरलेलेच रंग घालता येतात. रोडामाइन-बी हा कापड रंगवण्याचा रंग तर अन्नात घालण्यास पूर्ण बंदी आहे. २०२४ साली कर्नाटकात गोबी मंचुरियनचे १७१ नमुने तपासले, तेव्हा १०७ नमुन्यांत अयोग्य कृत्रिम रंग सापडले. म्हणून त्या वर्षीच्या मार्चमध्ये तेथील सरकारने या पदार्थात कृत्रिम रंग घालण्यास मनाई केली.

त्या मुलाच्या वडिलांशी पुढे आणखी दोनचारदा बोलणे झाले. त्यांनी एक प्रयोग करायचे ठरवले. बेडगी मिरची रंगाला गडद, पण तिखटाला कमी असते. ती गरम पाण्यात भिजवून, वाटून त्यांनी चटणी केली. ही मिरची महाग पडते. रंगाची पुडी स्वस्त मिळते. पहिले काही दिवस गिऱ्हाईक कमी झाले. तेव्हा तो मुलगा एक कागद घेऊन माझ्याकडे आला. त्यावर त्याने मराठीत लिहिले होते : ‘येथे खान्यात रंग वापरत नाही.’

“सर, चूक असेल तर सांगा. पाटी करायची आहे,” तो म्हणाला.

मी ‘खान्यात’ खोडून ‘खाण्यात’ केले. खाली तेच वाक्य त्याने सुरेख अक्षरात उर्दूतही लिहिले. ती पाटी गाडीवर लागली. गिऱ्हाइके सगळीच परत आली, असे मी म्हणणार नाही. काहींना अजून लालच हवे असते. पण काही कुटुंबे आता मुलांना घेऊन मुद्दाम तेथे येतात. आणि तो मुलगा आता गाडीमागे लपत नाही. “सर, हाफ प्लेट की फुल?” असे तो सर्वांसमोर विचारतो.

मित्रांनो, गाडीवर खाऊच नका, असे मी तुम्हांला सांगणार नाही. पण खाण्यापूर्वी दोन मिनिटे पाहायला शिका. तळणाचे तेल काळे तर झाले नाही ना? चिरलेली भाजी झाकलेली आहे का? प्लेटा वाहत्या पाण्यात धुतात की एकाच बादलीत बुचकळतात? गाडीवर अन्नसुरक्षा नोंदणीचा चौदा अंकी क्रमांक लावला आहे का? चटणीचा रंग बोटांना लागून राहतो का? काही चुकीचे दिसले, तर नम्रपणे विचारा. विचारणारे गिऱ्हाईक वाढले, की विकणाराही सावध होतो.

तुम्ही भडक रंग मागाल, तर तो तुम्हांला मिळेल. स्वच्छ अन्न मागाल, तर तेही मिळेल. दिवसभर आचेसमोर उभे राहून तुमच्यासाठी रांधणाऱ्या माणसाला मान द्या आणि त्याच्याकडे चांगले अन्नही मागा. शेवटी हाही एक रिश्ताच आहे.

शब्दार्थ

खमंग – खुशबूदार, चवदार
गिऱ्हाईक – गाहक, खरेदी करणारा
उत्खनन – जमीन खणून घेतलेला शोध
वाळवण – उन्हात वाळवलेला पदार्थ
जिन्नस – वस्तू, पदार्थ
बधिर – सुन्न
कालवण – सालन
कावड – दोन्ही टोकांना ओझे लावून खांद्यावर नेण्याचा दांडा
निर्मळ – साफ, स्वच्छ
निरुत्तर होणे – उत्तर न सुचणे, लाजवाब होणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) फारसीत ‘रिश्ता’ या शब्दाचा मूळ अर्थ काय आहे?
(२) चिकन मंचुरियन प्रथम कोणत्या शहरात तयार झाले?
(३) बेडगी मिरचीचे वैशिष्ट्य कोणते?

प्र. २. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(१) लांजोच्या नूडल्समध्ये कोणत्या पाच गोष्टी हव्यात?
(२) गाडीवाला चटणीत रंग का घालत होता?
(३) लेखक निरुत्तर का झाला?

प्र. ३. ‘न’ किंवा ‘ण’ योग्य जागी घालून शब्द पूर्ण करा.
खा__े, पा__ी, लसू__, दुका__, म__

प्र. ४. वाक्यात उपयोग करा.
तोंड लपवणे, स्थायिक होणे, सावध होणे

उपक्रम : तुमच्या घरी शेवयांचा कोणता पदार्थ करतात, ते आईला किंवा आजीला विचारा. त्याची कृती मराठीत आठ-दहा ओळींत लिहा व वर्गात वाचून दाखवा.