शरण आलेल्यांचा शेजार

'निर्वासित' हा शब्द कानीं पडतांच तंबूंची छावणी व शिध्यासाठीं लागलेली रांग आपल्या डोळ्यांपुढें उभी राहते. परंतु पुष्कळ निर्वासित शहरांतच आश्रय घेतात. तेथें घरभाडें, औषधपाणी, मुलांची शाळा, सर्व आपलें आपणच पाहावें लागतें. मग त्यांचें रक्षण कोणीं करावें?

युगांडा देशाची राजधानी कंपाला हिचें उदाहरण घेऊं. त्या देशाच्या २००६ सालच्या कायद्यानें निर्वासितांस काम करण्याचा व मोकळेपणीं फिरण्याचा हक्क दिला. परंतु काँगोहून आलेल्या पुष्कळांस स्वाहिली व फ्रेंच येई, आणि कंपालाचा व्यवहार लुगांडा व इंग्रजी भाषांत चाले. ज्यास आपली तक्रार चौकीवर सांगतां येत नाहीं, त्याचा हक्क कागदावरच राहतो. २००७ सालीं काँगोच्या कांहीं तरुण निर्वासितांनीं तेथें 'यारिड' नांवाची संस्था काढली. प्रथम फुटबॉलच्या खेळानें तरुणांस एकत्र आणिलें. पुढें इंग्रजीचे वर्ग चालविले.

यावरून आम्हांस असें वाटतें कीं, साहाय्य करूं इच्छिणारानें प्रथम विचारावें, "तुम्हीं आपसांत काय चालविलें आहे? त्यांत आमची कोणती मदत हवी?" मात्र यामुळें सरकारचें कर्तव्य टळत नाहीं. शेजारी चौकीपर्यंत सोबत येईल. न्याय देणें हें राज्यकर्त्यांचेंच काम होय.

मुलांनो, आपल्या वर्गांत परभाषेचा मुलगा आला, तर त्याची कींव करण्यापूर्वीं त्यास खेळांत घ्या, आणि त्याचें म्हणणें ऐका.